साडेतीनशे ग्रॅमची मोहीम

शाळेतल्या मुलांनी उपग्रह तयार केला, अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रांत येते. ती वाचणाऱ्या पालकाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो : हा हाताच्या मुठीत मावणारा ठोकळा खरोखर अवकाशात जातो का? दुसरा प्रश्न जरा संकोचाने विचारला जातो. जात नसेल, तर या सगळ्या खटाटोपातून मुले शिकतात तरी काय?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते, दुसऱ्यासाठी हे प्रकरण लागेल.

१. अवकाशात जातो का?

बहुतेक वेळा नाही. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरते आणि तिथे टिकून राहण्यासाठी त्याला सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेग राखावा लागतो. नुसती उंची गाठून भागत नाही. आडवा वेग कमी पडला की वस्तू परत खाली येते. एवढा वेग द्यायला मोठे रॉकेटच हवे आणि ते शाळेच्या आवाक्यातले नाही.

शाळकरी मुलांच्या स्पर्धांत जो उपग्रह बनतो त्याला ‘कॅनसॅट’ म्हणतात. शीतपेयाच्या डब्याएवढा. लहान रॉकेट, फुगा किंवा ड्रोन त्याला वर नेतो, साधारण एक किलोमीटरवर सोडून देतो आणि पॅराशूटच्या आधाराने तो दोन मिनिटांत जमिनीवर येतो. अवकाशाची सीमा रूढ संकेतानुसार १०० किलोमीटरवर मानतात. हा डबा तिच्या जवळपासही जात नाही.

मात्र डब्याच्या आत जे असते ते खऱ्या उपग्रहातही असते : वीज पुरवणारी बॅटरी, मोजमाप करणारे संवेदक, त्यांच्याकडून आकडे घेणारा छोटा संगणक, ते आकडे जमिनीवर पाठवणारा रेडिओ आणि या सर्वांना धरून ठेवणारा सांगाडा. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी ३४ रॉकेटने पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा जेमतेम एक किलोचा उपग्रह कक्षेत नेला. त्याची अंतर्गत विभागणीही अशीच होती. आणखी एक साम्य याहून महत्त्वाचे आहे. सोडल्यानंतर डब्याला कोणी हात लावू शकत नाही. एखादी तार सैल राहिली असेल, बटण दाबायचे राहिले असेल, प्रोग्रॅममध्ये चूक असेल, तर ती तशीच खाली येणार. वर्गातला प्रयोग फसला तर तो पुन्हा करता येतो. इथे ती सोय नसते, आणि ती नसल्यामुळेच हे शिक्षण वेगळे ठरते.

२. डब्याची कल्पना कुणाची?

१९९८ मध्ये हवाई बेटांवर अमेरिका आणि जपानमधल्या विद्यापीठांतले अवकाश-अभियंते जमले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बॉब ट्विग्ज यांची अडचण अशी होती की, खरा उपग्रह बनवायला इतकी वर्षे लागत की काम सुरू करणारे विद्यार्थी तो पुरा होण्याआधीच पदवी घेऊन निघून जात. त्यांनी सुचवले की ३५० मिलिलिटरच्या शीतपेयाच्या डब्यात मावेल एवढाच उपग्रह करू. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, अमेरिकेतल्या नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात हौशी रॉकेटकारांनी आपल्या रॉकेटांतून असे डबे साडेतीन किलोमीटरच्या आसपास उंच नेले.

त्या वाळवंटात आलेल्या जपानी विद्यार्थ्यांनी पुढे काय केले हे सांगण्यासारखे आहे. टोकियो विद्यापीठ आणि टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांच्या संघांनी डब्यावर हात बसवला आणि ३० जून २००३ रोजी दहा सेंटिमीटरच्या घनाकृती आकाराचे आपले उपग्रह रशियातल्या प्लेसेत्स्कहून कक्षेत पाठवले. डब्यापासून कक्षेपर्यंतचे अंतर त्यांनी चार वर्षांत कापले.

माध्यमिक शाळांसाठी ही स्पर्धा युरोपीय अवकाश संस्थेने २०१० पासून रुजवली. पहिली फेरी नॉर्वेतल्या आंडोया इथे झाली. तिचे नियम वाचताना ते करणाऱ्यांची समज जाणवते. डब्याची उंची ११५ मिलिमीटर, व्यास ६६ मिलिमीटर. वजन ३०० ते ३५० ग्रॅम, म्हणजे फार हलकाही चालत नाही. खर्चाची मर्यादा ५०० युरो, आपल्याकडे पन्नास हजार रुपयांच्या आसपास. त्यामुळे श्रीमंत शाळेला महागडे सुटे भाग लावून पुढे जाता येत नाही. बॅटरी सलग चार तास टिकली पाहिजे, कारण उड्डाणाची पाळी येईपर्यंत डबा रॉकेटात नुसता बसून असतो. हिशेब सोपा आहे : सर्व यंत्रणा मिळून १५० मिलिॲम्पिअर प्रवाह घेत असेल, तर चार तासांना ६०० मिलिॲम्पिअर-तास हवेत. थोडी राखीव धरून संघ त्याहून मोठी बॅटरी घेतो आणि मग ते वजन दुसरीकडून कमी करतो.

३. उंची कशी कळते?

प्रत्येक संघाला एक काम सक्तीचे असते : खाली येताना हवेचे तापमान आणि दाब मोजायचा आणि सेकंदाला किमान एकदा ते आकडे जमिनीवर पाठवायचे. दाबच का? कारण दाबावरून उंची काढता येते.

घरात वाकळांची चळत रचलेली असेल तर सर्वांत खालच्या वाकळेवर सगळ्यांचे ओझे असते, वरच्या वाकळेवर काहीच नसते. हवेचेही तसेच आहे. आपण चळतीच्या तळाशी राहतो. जसजसे वर जावे तसतशी डोक्यावरची हवा कमी होते आणि दाब उतरतो. समुद्रसपाटीला तो सरासरी १०१३ हेक्टोपास्कल असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे तो साधारण ९४७ भरतो. शहरावर आणखी एक किलोमीटर चढले तर ८४०च्या जवळ येतो.

व्यवहारात लक्षात ठेवायला एक आकडा पुरे : कोल्हापूरच्या उंचीवर दर ९ मीटर चढाला दाब सुमारे एक हेक्टोपास्कलने उतरतो. पन्हाळ्याच्या वाटेवर दाबमापक घेऊन बसलेल्या मुलीला आकडा ३३ हेक्टोपास्कलने उतरलेला दिसला, तर ती सुमारे ३०० मीटर चढली असे ती वहीत मांडू शकते. नखाएवढ्या दाबमापकाची तयार पट्टी आज शंभर-दोनशे रुपयांत मिळते आणि एक मीटरचा फरकही तिला ओळखता येतो. जिन्याच्या दोन मजल्यांवर हा प्रयोग करता येतो.

इथे पहिला सापळा आहे. डबा चारही बाजूंनी बंद केला तर आतली हवा आतच राहते आणि संवेदक बाहेरचा दाब सांगत नाही. म्हणून भोके ठेवावी लागतात. भोके चुकीच्या जागी पडली तर खाली येताना त्यांत वारा घुसतो आणि दाब खोटा दिसतो. तापमानाचे दुखणे वेगळेच. रेडिओ आणि संगणक चालताना तापतात, उन्हात डब्याचा पत्रा तापतो, आणि संवेदक हवेऐवजी डब्याचेच तापमान सांगू लागतो. आपण मोजतो ते नेमके कशाचे, हा प्रश्न मुलांना पुस्तकात फारसा भेटत नाही. इथे तो पहिल्याच आठवड्यात समोर येतो.

४. छत्रीच्या कापडाचे गणित

पॅराशूट नसेल तर साडेतीनशे ग्रॅमचा हा डबा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने जमिनीवर आदळेल. खाली कोणी उभे असेल तर काय होईल हे सांगायला नको, म्हणून या भागाची तपासणी स्पर्धेत सर्वांत कडक असते.

पॅराशूट उघडल्यावर थोड्याच वेळात कापडावरचा हवेचा विरोध आणि डब्याचे वजन समसमान होतात आणि वेग वाढायचा थांबतो. कोल्हापूरच्या हवेत ३५० ग्रॅमचा डबा सेकंदाला ८ मीटर वेगाने उतरवायचा असेल, तर साध्या गोल कापडाचा व्यास सुमारे ४० सेंटिमीटर ठेवावा लागतो. वेग निम्मा करायचा तर क्षेत्रफळ चौपट, म्हणजे व्यास दुप्पट, ८० सेंटिमीटर. छत्रीचे नायलॉन कापड त्याला चालते. मध्यभागी एक भोक ठेवतात. तिथून हवा सुटल्यामुळे पॅराशूट हेलकावे कमी खाते.

मग मोठेच कापड का लावू नये? १००० मीटरवरून ८ मीटरच्या वेगाने उतरायला १२५ सेकंद लागतात. त्या वेळी सेकंदाला ५ मीटरचा वारा असेल, तर डबा ६२५ मीटर वाहत जाईल. वेग निम्मा केला तर सव्वा किलोमीटर. करवीर तालुक्यात सव्वा किलोमीटरवर बहुधा उसाचा फड असतो, आणि डोक्यावर गेलेल्या उसात मुठीएवढा डबा शोधणे सोपे नाही. पुष्कळ संघ डब्यात आवाज करणारा बझर बसवतात तो यासाठीच.

५. दुसरे काम, स्वतःचे

तापमान आणि दाब सगळेच मोजतात. संघाची खरी पारख होते ती दुसऱ्या कामात, कारण ते त्याने स्वतः ठरवायचे असते. परीक्षक तांत्रिक बाजूबरोबर त्यामागचा वैज्ञानिक प्रश्न, संघाचे एकत्र काम आणि ते लोकांपुढे मांडण्याची हातोटीही पाहतात.

कोल्हापूरच्या मुलांना प्रश्न शोधायला दूर जावे लागणार नाही. हिवाळ्यात पहाटे पंचगंगेच्या काठच्या गावांत गुऱ्हाळाचा धूर थोडा वर जातो आणि मग वर चढायचा थांबून आडवा पसरतो. उन्हे तापली की तोच धूर सरळ आकाशात जातो. असे का होते?

एरवी वर जावे तसे गार होते, किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी. पण निरभ्र हिवाळी रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि तिला लागून असलेली हवाही. थंड हवा जड, ती खालीच बसून राहते; तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर तयार होतो. तापमानाचा हा उलटा क्रम झाकणासारखा धूर अडवतो. फडात पाचट पेटवल्यावर त्याचा वास सकाळी गावभर रेंगाळतो, त्यामागेही हे कारण असते.

आता संघाचा प्रश्न नेमका होतो : आज सकाळी सात वाजता हा थर किती उंचीवर होता आणि दहा वाजता तो उरला का? दोन उड्डाणे, दोन आलेख. तापमान खाली येताना सतत वाढत गेले तर थर नाही. मध्येच घटू लागले तर थर सापडला.

इथेच खरे अभियांत्रिकी सुरू होते. तापमापकाला बदल ओळखायला ५ सेकंद लागत असतील, तर तेवढ्या वेळात डबा ४० मीटर खाली आलेला असतो. थर १०० मीटर जाडीचा असेल, तर आलेखात त्याची कड पुसट आणि चुकीच्या उंचीवर दिसेल. उपाय? वेग कमी करावा, तर डबा दूर वाहतो आणि मोठे पॅराशूट डब्यात मावत नाही. चपळ संवेदक घ्यावा, तर तो डब्याबाहेर काढावा लागतो आणि उतरताना मोडू शकतो. की मोजलेल्या आकड्यांत नंतर गणिताने दुरुस्ती करावी? याचे एकच बरोबर उत्तर नाही. संघातल्या मुलांनी भांडावे, मोजावे, ठरवावे आणि ठरवले ते का ठरवले हे परीक्षकांना सांगावे. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत अशा कामाला जागा नाही, म्हणून तर ही स्पर्धा हवी.

६. आकडे जमिनीवर कसे येतात?

डबा हरवला तरी माहिती हरवू नये, म्हणून ती उड्डाणातच रेडिओने पाठवली जाते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठराविक शक्तीच्या आत परवान्याशिवाय वापरता येतो. अँटेनाची लांबी काढणे हा भूमितीइतकाच सोपा हिशेब आहे. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते : ३०० भागिले ८६६, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर. तिचा चौथा भाग, पावणेनऊ सेंटिमीटरच्या आसपासची तार, अँटेना म्हणून चालते. पट्टीने मोजून कापलेली ही तार मुलांना लहरींचा धडा कायमचा शिकवते.

७. रामेश्वरम, २०२१

महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनी कॅनसॅटच्या जवळ जाणारे काम केले ते ७ फेब्रुवारी २०२१ रोजी. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानाने इतर संस्थांबरोबर आखलेल्या उपक्रमात देशभरातल्या सुमारे एक हजार विद्यार्थ्यांनी १०० चिमुकले उपग्रह तयार केले आणि रामेश्वरमहून फुग्यांनी ते वर पाठवले. प्रत्येकाची बाजू ४ सेंटिमीटर, वजन २५ ते ८० ग्रॅम. त्यांत नागपूर महापालिकेच्या शाळांतली मुलेही होती. फुगे ३५ किलोमीटरच्या आसपास जाणारे होते; तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या एका टक्क्याहूनही कमी असतो. विमाने जिथे उडतात त्याच्या तिपटीहून ही उंची जास्त. करोनाच्या काळात महापालिका शाळेतल्या मुलांच्या हातची वस्तू तिथवर जाणे, ही अभिमानाची गोष्ट होती.

तरी एक फरक स्पष्ट सांगायला हवा. तिथे प्रशिक्षण ऑनलाइन झाले आणि जोडणी एका दिवसाच्या कार्यशाळेत. हा चांगला आरंभ आहे, पण तयार भाग जोडणे आणि काय मोजायचे इथपासून स्वतः ठरवून सहा-आठ महिने एका डब्यामागे लागणे, ही दोन वेगळी शिक्षणे आहेत. पहिल्यात विक्रमाची नोंद होते. दुसऱ्यात मूल अपयशाचा तपास करायला शिकते.

अपयश मोठ्यांनाही चुकत नाही. ७ ऑगस्ट २०२२ रोजी इस्रोच्या नव्या एसएसएलव्ही रॉकेटावर ‘आझादीसॅट’ होता. देशातल्या ७५ शाळांतल्या ७५० मुलींनी त्यातली उपकरणे तयार केली होती. रॉकेटाचा दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्यांनी प्रवेगमापकांचे आकडे क्षणभर मर्यादेबाहेर गेले. संगणकाने सगळे संवेदक बिघडले असे मानले आणि रॉकेट चुकीच्या कक्षेत गेले. उपग्रह हातचा गेला. इस्रोने कारण शोधून जाहीर केले, यंत्रणा सुधारली आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘आझादीसॅट-२’ योग्य कक्षेत पोचला. संवेदकावर केव्हा विश्वास ठेवायचा हा गुऱ्हाळाच्या धुराचा प्रश्न रॉकेटातही तोच असतो.

८. कोल्हापुरात काय आहे, काय हवे

देशपातळीवरची ‘कॅनसॅट इंडिया’ स्पर्धा केंद्र सरकारची इन-स्पेस ही संस्था आणि इस्रो यांच्या पुढाकाराने होते. तिची अंतिम फेरी २०२५च्या ऑक्टोबरअखेर उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात झाली. ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आहे. नववी-दहावीच्या मुलांना तिच्यात जागा नाही, आणि जिल्ह्याने भरून काढायची उणीव ती हीच.

साधने कोल्हापुरात आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे रडार आहे; जमिनीपासून साधारण ६० ते १०० किलोमीटर उंचीवरचे वारे ते मोजते. फुगे तिथवर पोचत नाहीत आणि उपग्रह तिथे टिकत नाहीत. इतक्या वरच्या हवेचा अभ्यास ज्या गावातून होतो, तिथल्या मुलांनी सर्वांत खालचा एक किलोमीटर मोजायला काय हरकत आहे? हाताची कारागिरीही इथे जुनी आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी चित्रपटाचा कॅमेरा याच गावात घडवला. शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही कारखान्यात डब्याचा सांगाडा एका दुपारी वळवून मिळेल.

अडचण जागेची आणि परवानगीची आहे. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे हरित, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रातही सामान्यतः १२० मीटरपर्यंतच उडवता येते आणि उजळाईवाडीच्या विमानतळामुळे शहराजवळ मर्यादा आणखी कडक आहेत. तेव्हा मैदान शहरापासून लांब शोधावे लागेल. पण १२० मीटरही वाया जाणारे नाहीत. सेकंदाला ५ मीटरच्या वेगाने उतरायला २४ सेकंद लागतात. सेकंदाला दहा नोंदी घेतल्या तर २४० आकडे हाती येतात. हिवाळी पहाटेचा थर कित्येकदा एवढ्या उंचीतच असतो.

विद्यापीठाने परीक्षक द्यावेत, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ड्रोन आणि मार्गदर्शक द्यावेत, जिल्हा परिषदेने मैदानाची परवानगी मिळवावी. बारा तालुक्यांतून एकेक संघ आला तरी पहिली स्पर्धा उभी राहते. शाळांनी त्यासाठी महागडा संच विकत घेऊन सुरुवात करू नये. एक दाबमापक, एक छोटा संगणक आणि बॅटरी घ्यावी, आठवी-नववीची पाच-सहा मुले निवडावीत, त्यांना पन्हाळ्याच्या एसटीत बसवावे आणि चढाचा पहिला आलेख त्यांच्याकडूनच काढून घ्यावा.